नटाच्या कामाचे मोजमाप : निळू फुले यांची रंगभूमी आणि समीक्षक

रंगभूमीवरील नटाची कला ही पाण्यावरची रेघ आहे. कवीची कविता छापून राहते, चित्रकाराचे चित्र भिंतीवर राहते. नटाचे काम मात्र पडदा पडला की संपते. ज्यांनी ते पाहिले त्यांच्या आठवणीत आणि ज्यांनी पाहून लिहिले त्यांच्या लेखणीत तेवढे ते उरते. आठवणी माणसांबरोबर जातात. मागे राहतो तो वर्तमानपत्रातील चार ओळींचा मजकूर. म्हणूनच समीक्षकाने काय लिहिले आणि काय लिहावयाचे राहून गेले, याचा विचार नाटक पाहणाऱ्याने व नाटक करणाऱ्या विद्यार्थ्याने अवश्य केला पाहिजे. प्रस्तुत लेखात आम्ही हा विचार एकाच नटाच्या आधारे करणार आहोत. तो नट म्हणजे निळू फुले.

निळूभाऊंचे नाव घेतले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पडद्यावरचा खलनायक येतो. डोक्यावर टोपी, अर्धवट मिटलेले डोळे, घशातून खरवडत येणारा आवाज. गावोगावच्या गॅदरिंगमध्ये त्या आवाजाच्या नकला आजही होतात. परंतु हा माणूस मुळात रंगभूमीचा. सिनेमात येण्यापूर्वी त्यांनी अनेक वर्षे लोकनाट्याचे तंबू आणि कनाती पाहिल्या होत्या, आणि सिनेमात नाव झाल्यावरही त्यांनी नाटक सोडले नाही. त्यांच्या रंगभूमीवरील कामाचे मोजमाप मात्र नीट झाले नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याचे एक कारण आपल्याकडच्या नाट्यपरीक्षणाच्या साच्यात आहे. कोणतेही जुने परीक्षण उघडून पाहावे. आरंभी नाटककाराविषयी थोडे, पुढे तीन-चार परिच्छेद कथानक, मग संवाद आणि आशय यांची चर्चा, आणि अखेरीस घाईघाईने नटांची हजेरी. अमुक यांनी भूमिकेला न्याय दिला, तमुक यांची साथ मोलाची, नेपथ्य अनुरूप. 'न्याय दिला' म्हणजे नेमके काय केले? बँकेत एखाद्या व्हाउचरवर नुसते 'किरकोळ खर्च' लिहिलेले असावे, तसा हा प्रकार आहे. रक्कम कळते, ती कशावर गेली ते कळत नाही. (असे व्हाउचर आमच्याकडे अधिकारी परत पाठवतात. संपादकांनीही ती पद्धत ठेवावयास हरकत नव्हती.)

निळू फुले यांचा जन्म पुण्याचा, १९३० सालचा. घरची परिस्थिती बेताची. तरुणपणी त्यांनी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केले. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात ते वाढले आणि सेवा दलाच्या कलापथकातच त्यांना नाटकाची वाट सापडली. या कलापथकांनी त्या काळी तमाशाचा घाट उचलून त्यात नवा सामाजिक व राजकीय आशय भरला. पु. ल. देशपांडे यांचे 'पुढारी पाहिजे' हे त्यातलेच. निळूभाऊ त्यात होते. पुढे शंकर पाटील यांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने ते महाराष्ट्रभर पोहोचले. राम नगरकर आणि निळू फुले ही जोडी त्या काळी घराघरांत ठाऊक झाली. याच वाटेने १९६८ साली 'एक गाव बारा भानगडी' हा अनंत माने यांचा चित्रपट त्यांना मिळाला.

आता लोकनाट्य नटाकडून काय मागते, ते पाहू. तमाशाचा जुना क्रम गण, गवळण, बतावणी आणि वग असा. त्यातील बतावणी आणि वग यांत संहिता सैल असते. गोष्ट ठरलेली, प्रसंग ठरलेले, गाण्यांच्या जागा ठरलेल्या. बाकीचे बोलणे नटाच्या जिभेवर. आज सांगलीला जो विनोद चालला तो उद्या नाशिकला चालेलच असे नाही. त्या गावचा सरपंच कोण, यंदा पाऊस कसा, कोणती निवडणूक तोंडावर आहे, हे हेरून नटाला बोलणे फिरवावे लागते. पुढ्यातल्या हजार माणसांतून कोणी मध्येच काही ओरडले तर त्याला त्याच दमात उत्तर द्यावे लागते. माईक धड नसतो. मूल रडत असते. अशा गर्दीत एखादे वाक्य हळू बोलून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवणे हे ओरडण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. निळूभाऊंची खासियत तीच होती. ते आवाज चढवण्याऐवजी उतरवत, आणि समोरची गर्दी कान टवकारून गप्प होई.

हे काम हजारो लोकांनी पाहिले. ते लिहिले किती जणांनी? नाट्यसमीक्षक हा बहुधा मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहात पहिल्या प्रयोगाला बसणारा. लोकनाट्याचा प्रयोग शंभर गावांत शंभर तऱ्हांनी रंगतो आणि त्याचा पहिला प्रयोग हा बहुधा सर्वांत कच्चा असतो. तेव्हा जे पाहावयास हवे होते तिथे लेखणीवाला नव्हता, आणि लेखणीवाला होता तिथे ते पुरते घडलेले नव्हते. लोकनाट्याची खरी समीक्षा प्रेक्षकांनीच केली. कंत्राटदाराने पुन्हा सुपारी दिली की नट पास. ही समीक्षा कठोर असते आणि प्रामाणिकही असते, पण ती लिहून ठेवलेली नसते.

ज्यांनी लिहिले त्यांनी कोणते शब्द वापरले, तेही पाहण्यासारखे आहे. लोकनाट्यातील नटाविषयी आपल्याकडे काही ठराविक विशेषणे आहेत. 'सहजसुंदर', 'उपजत', 'अस्सल मातीतला', 'रांगडा'. ही विशेषणे निळूभाऊंनाही लागली. वरवर पाहता ही स्तुतीच आहे. परंतु वाचकांनी जरा थांबून विचार करावा. नाट्यगृहातील सुशिक्षित नट उत्तम काम करतो तेव्हा आपण त्याला 'अभ्यासू', 'चिंतनशील', 'विचारी' म्हणतो. तंबूतला नट तितकेच उत्तम काम करतो तेव्हा तो 'उपजत' ठरतो. म्हणजे एकाने कष्ट केले आणि दुसऱ्याला ते आपोआप आले! झाडाला फळ यावे तसे. या एका शब्दाने नटाची वर्षानुवर्षांची मेहनत, त्याची निवड, त्याने टाकून दिलेल्या शंभर गोष्टी, सगळे पुसले जाते.

हा मुद्दा आपल्याला जवळचा आहे, म्हणून येथे थोडे विषयांतर करतो. तमाशाची कला ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली ते कलावंत बहुतांशी गावकुसाबाहेरचे. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी त्याच घाटातून आंबेडकरी जलसे उभे केले, गण-गवळणीचा जुना आशय बाजूला सारून तिथे माणुसकीच्या हक्काची गोष्ट आणली. त्या जलशांचा चळवळीतील वाटा आता अभ्यासकांनी मान्य केला आहे. पण जलशात काम करणारा नट उभा कसा राहत असे, हसवता हसवता गप्प कसा करत असे, याची टिपणे शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते. विचारांची नोंद झाली, अभिनयाची झाली नाही. 'गाढवाचं लग्न' गाजवणारे दादू इंदुरीकर यांच्यासारख्या सोंगाड्याचे नाव शहरी रसिकांपर्यंत पोहोचले, हा अपवाद म्हणावा लागेल. त्यांच्या तोडीचे किती जण नुसत्या 'उपजत' या शब्दाखाली गाडले गेले असतील, याची गणती नाही.

असो. निळूभाऊंच्या बाबतीत वळण आले ते १९७२ साली. विजय तेंडुलकर यांचे 'सखाराम बाइंडर' कमलाकर सारंग यांनी रंगभूमीवर आणले आणि सखारामची भूमिका निळू फुले यांना दिली. चंपा झाल्या होत्या लालन सारंग आणि लक्ष्मी कुसुम कुलकर्णी. पुढचा इतिहास प्रसिद्ध आहे. नाटक अश्लील ठरवले गेले, परिनिरीक्षण मंडळाने आडकाठी केली, प्रयोग थांबले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि नाटकाच्या बाजूने निकाल लागल्यावर प्रयोग पुन्हा सुरू झाले. या सर्व दिवसांवर सारंगांनी 'बाइंडरचे दिवस' हे पुस्तकच लिहिले. जिज्ञासूंनी ते मुळातून वाचावे.

या वादळात एक गोष्ट अशी झाली की चर्चा सगळी नाटकावर केंद्रित झाली. नाटक श्लील की अश्लील, लग्नसंस्थेवर घाला आहे की नाही, रंगभूमीवर शिव्या असाव्यात की नसाव्यात. समर्थक आणि विरोधक दोघेही संहितेवरच भांडले. सखारामला ज्याने हाडामांसाचे केले त्या नटाला उभयपक्षी थोडी शाबासकी मिळाली, पण त्याने काय केले याची फोड मागेच राहिली. एरवी नटाला कथानक झाकून टाकते; येथे खटल्याने झाकले.

वास्तविक सखाराम हे नटाच्या दृष्टीने विलक्षण अवघड काम आहे. सखाराम जन्माने ब्राह्मण, पण घरातून पळालेला, छापखान्यात बाइंडिंग करणारा, नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणारा. तो शिवराळ आहे, मारझोड करतो, आणि मृदंगही वाजवतो. स्वतःला ढोंग चालत नाही असे तो छातीठोकपणे सांगतो आणि त्याचे हे सांगणेच हळूहळू ढोंग ठरत जाते. नाटकात तो घरात आलेल्या बाईला आपल्या घराचे नियम ऐकवतो. प्रथम लक्ष्मीला ऐकवतो, पुढे चंपा आल्यावर तिलाही. बोलणे जवळपास तेच. पण लक्ष्मीपुढे ते हुकूम असतात, तर चंपापुढे त्यांची हवा निघून जाते, कारण ती त्यांना भीकच घालत नाही. नटाने दुसऱ्या वेळी काय करावे? आवाज चढवला तर प्रसंग ठोकळेबाज होतो, सरळ पडता घेतला तर सखाराम बिचारा वाटू लागतो. त्याच शब्दांतला जोर बोलता बोलता कुठे गळाला, ते प्रेक्षकाला दिसले पाहिजे आणि सखारामला स्वतःला मात्र कळता कामा नये. अखेरच्या प्रवेशात तर खून करून बसलेला हा रेडा पार सुन्न होतो आणि सारी सूत्रे सोशिक लक्ष्मी हाती घेते. त्या क्षणी नटाला जवळजवळ बोलणेच उरत नाही. अडीच तास रंगमंच दणाणून सोडल्यानंतर नुसते रिकामे होऊन उभे राहावयाचे.

लोकनाट्यातून आलेला नट येथे दुसऱ्याच कसोटीला लागतो, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावी. वगात शब्द नटाचे. तेंडुलकरांच्या नाटकात एकही शब्द नटाचा नाही. वगात नट प्रेक्षकांशी बोलतो. येथे प्रेक्षक जणू नाहीतच. वगात हशा आला की थांबून तो पुरता वसूल करावयाचा; सखारामच्या तोंडच्या एखाद्या वाक्यावर हशा आला तर तो पुढच्या क्षणी प्रेक्षकाच्याच घशात अडकला पाहिजे. तेंडुलकरांचे संवाद तुटक, मध्येच थांबणारे. त्यांतले थांबे शब्दांइतकेच महत्त्वाचे. आणि येथेच तंबूतील शिदोरी निळूभाऊंच्या कामी आली, असे आम्ही मानतो. गर्दीला गप्प करणारा तो उतरलेला आवाज आणि वाक्याअलीकडचा थांबा त्यांनी सखारामसाठी नव्याने शिकलेला नव्हता. तो त्यांनी वर्षानुवर्षे कनातीत घासून घेतलेला होता. फक्त तेथे त्याने हशा पिकत असे, येथे धास्ती बसू लागली. एका हत्याराचे असे दोन उपयोग ज्याला करता येतात, त्याच्या कामाला 'उपजत' म्हणून कसे चालेल?

तुलनेसाठी त्याच सुमाराचे दुसरे उदाहरण घेऊ. वि. वा. शिरवाडकर यांचे 'नटसम्राट' डिसेंबर १९७० मध्ये रंगभूमीवर आले. डॉ. श्रीराम लागू यांचा गणपतराव बेलवलकर हा मराठी रंगभूमीवरील एक मानदंड ठरला. तो रास्तच ठरला. डॉक्टरांविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु त्या भूमिकेच्या अभिनयाची चर्चा इतकी बारकाईने झाली याचे एक व्यावहारिक कारणही आहे. डॉक्टरांनंतर ती भूमिका दत्ता भट, सतीश दुभाषी, चंद्रकांत गोखले, यशवंत दत्त अशा अनेकांनी केली. साहजिकच प्रेक्षक आणि समीक्षक यांना तुलना करणे भाग पडले. कोणाचा बेलवलकर अधिक विदग्ध, कोणाचा अधिक हळवा, कोण स्वगतात श्वास कुठे घेतो, अशा गप्पा चाळीच्या कट्ट्यावरदेखील रंगत. म्हणजे भूमिका तीच, माणसे वेगळी असे झाले की अभिनय आपोआप दिसू लागतो. सखारामचे असे झाले नाही. पुढे इतरांनीही ती भूमिका केली, पण निळूभाऊंच्या सखारामशेजारी त्याच काळात दुसरा तोलाचा सखाराम सतत उभा राहिला नाही. त्यामुळे सखाराम म्हणजे निळू फुले असे समीकरण झाले. असे समीकरण झाले की लोक नटाला त्या भूमिकेचा जन्मजात मालक समजतात आणि त्याने ती कशी कमावली हे विचारावयाचे विसरतात.

जयवंत दळवी यांच्या 'सूर्यास्त' या नाटकात निळूभाऊंनी अप्पाजींची भूमिका केली. अप्पाजी हे गांधीवादी वृद्ध, स्वातंत्र्यलढ्यात तावून सुलाखून निघालेले, आणि सत्तेच्या खुर्चीत बसलेल्या स्वतःच्या मुलाविरुद्ध उभे ठाकणारे. सखाराम आणि अप्पाजी ही दोन टोके आहेत. एकाला दुसऱ्याच्या घरात पाऊल ठेवता येणार नाही! ज्या घोगऱ्या आवाजाने सखाराममध्ये दहशत बसवली, तोच आवाज अप्पाजींमध्ये थकलेल्या पण न वाकलेल्या माणसाचा झाला. आवाज बदलून वेगळेपण दाखवणारे नट पुष्कळ असतात. आवाज तोच ठेवून माणूस बदलणे, ही खरी कठीण विद्या. पडद्यावरही 'सामना'मधला साखरसम्राट हिंदुराव आणि १९७९ च्या 'सिंहासन'मधला पत्रकार दिगू टिपणीस एकाच नटाने केले आहेत, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. हे दोन्ही चित्रपट सुदैवाने पाहावयास मिळतात. विद्यार्थ्यांनी ते लागोपाठ पाहावेत आणि संवादांकडे कान न देता केवळ निळूभाऊ समोरच्याचे बोलणे ऐकतात कसे, एवढेच पाहावे. हिंदुराव ऐकतो तो समोरच्याची किंमत ठरवत. दिगू ऐकतो तो सगळे साठवत.

'अष्टपैलू नट' हा शब्द आपण फार सैल वापरतो. दाढी लावली, पगडी घातली, कोकणी हेल काढला, झाला अष्टपैलू! भूमिकांची संख्या हे त्याचे माप नव्हे. नटाला स्वतःपाशी असलेल्या मोजक्या भांडवलातून, म्हणजे एक देह, एक गळा, दोन डोळे एवढ्यातून, परस्परविरोधी माणसे उभी करता येतात का, हे ते माप होय. या मापाने पाहिल्यास निळूभाऊंच्या जोडीला बसणारे फार थोडे निघतील.

परंतु पडद्यावरील पाटील-सरपंचाचा शिक्का इतका घट्ट बसला की तो उलट रंगभूमीवरच्या स्वागतालाही चिकटला. नाटकाच्या जाहिरातीत नाव वाचून येणारा प्रेक्षक मनात खलनायक घेऊन येई. आणि समीक्षकही त्या शिक्क्यातून पुरते सुटले नाहीत. १३ जुलै २००९ रोजी निळूभाऊ गेले. त्यानंतरच्या लेखांतून एक वाक्य निरनिराळ्या शब्दांत पुन:पुन्हा आले, ते असे की पडद्यावर खलनायक असलेला हा माणूस प्रत्यक्षात अतिशय सज्जन होता. ते खरेच होते. सेवा दलाचे त्यांचे नाते अखेरपर्यंत टिकले, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या आणि समतेच्या कामात ते पदरमोड करून उभे राहिले. मात्र हे वाक्य माणसाविषयी सांगते, कलेविषयी काही सांगत नाही. सज्जन माणसाने दुर्जन उभा केला तो कशाच्या बळावर, हा प्रश्न तसाच राहतो. १९९१ सालचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. मानपत्राने गौरव होतो, पण मानपत्रातही 'सहजसुंदर'च असते.

मग नटाचे काम पाहून लिहावे तरी कसे? आमच्या परिसरातील जे विद्यार्थी राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोग पाहतात किंवा एकांकिकांत कामे करतात, त्यांना आम्ही एवढेच सुचवू की विशेषण लिहिण्यापूर्वी क्रियापद लिहावे. 'प्रभावी' असे लिहावयाचे वाटले तर थांबावे आणि नटाने त्या वेळी काय केले ते आधी लिहावे. तो दाराकडे पाहात बोलला की पाठ करून? वाक्य कुठे तोडले? समोरचा बोलत असताना हात कुठे होते? प्रेक्षक हसले तेव्हा त्याने वाट पाहिली की हशावर पुढचे वाक्य टाकले? प्रयोग कुठल्या गावी, किती तारखेला, कितवा, तेही लिहावे. कारण पाचवा आणि पाचशेवा प्रयोग हे एकच काम नसते. अशा चार ओळी चाळीस वर्षांनंतर वाचणाऱ्यापुढे तो नट पुन्हा उभा करतील.

आणि ज्यांच्या घरी जलशात, वगात किंवा कलापथकात काम केलेले आजोबा-आजी अद्याप आहेत, त्यांनी ही प्रश्नावली त्यांच्यापुढेही ठेवावी. गाणी कोणती म्हणत होतात, हे सगळेच विचारतात. गाणे संपल्यावर कुठे उभे राहत होतात, कुणाकडे पाहत होतात, आणि गर्दी गप्प बसत नसे तेव्हा काय करत होतात, हेही विचारून वहीत तारखेसह उतरून घ्यावे.